चाच्यांची सात वर्षं आणि आंग्र्यांचं दस्तक

१७१५ ते १७२२. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या कुठल्याही मुलाला ही सात वर्षं शाळेच्या इतिहासापेक्षा पक्की ठाऊक असतात. 'असॅसिन्स क्रीड' ही मालिका २००७ साली सुरू झाली. छपरांवरून उड्या मारणाऱ्या मारेकऱ्यांची ती गोष्ट २०१३ साली 'ब्लॅक फ्लॅग' या भागात जमीन सोडून समुद्रात उतरली. नायक एडवर्ड केनवे, त्याचं जहाज 'जॅकडॉ', समुद्र कॅरिबियन आणि काळ हाच, १७१५ ते १७२२. या खेळातल्या समुद्री लढाया लोकांना इतक्या आवडल्या की त्यांचा धागा धरून सिंगापूरच्या स्टुडिओत 'स्कल अँड बोन्स' हा वेगळा खेळ तयार झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजारात आला. त्यानंतर वर्षभरानं, फेब्रुवारी २०२५ मध्ये, जपानच्या 'याकुझा' मालिकेनंही तीच वाट धरली. २००५ पासून शहरातल्या टोळ्यांच्या मारामाऱ्या दाखवणाऱ्या या मालिकेतला गोरो माजिमा, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला, स्मृती हरवून हवाईजवळच्या एका बेटावर वाहत येतो आणि बघता बघता चाच्यांचा कप्तान होतो.

ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या इमारतीतली मुलं सुट्टीत हे खेळ एकत्र जमून खेळतात. त्यांतल्या एकानं मला विचारलं, "काका, हे सगळं तिकडंच का झालं? आपल्याकडे पायरेट नव्हते?"

त्याला जिन्यात उभ्याउभ्या जे सांगता आलं नाही, ते इथे सांगतो. कारण याच सात वर्षांत मुंबई बंदराच्या तोंडाशी एक लढा चालू होता. त्याची मुळं आपल्या कल्याणच्या खाडीत आहेत आणि त्याचा शेवट ज्या माणसाच्या हातून झाला, त्याचं नाव आपल्या कौपिनेश्वराच्या देवळाशी जोडलेलं आहे. तलावपाळीला संध्याकाळी फेरी मारणाऱ्या माणसाला हा इतिहास रोज दिसतो, फक्त ओळख पटत नाही.

आधी ठाण्याचंच बोलू. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो चीनहून परतताना आपल्या किनाऱ्याची हकीकत लिहून ठेवतो. त्यात ठाण्याचा उल्लेख मोठं राज्य म्हणून येतो. इथून कमावलेलं चामडं आणि सुती कापड बाहेर जातं, असं तो सांगतो. आणि पुढे एक विलक्षण गोष्ट लिहितो. इथल्या समुद्रात चाचे फिरतात, ते राजाच्या संमतीनं फिरतात आणि त्यांचा राजाशी करार आहे. लुटलेल्या जहाजावर घोडे सापडले तर ते राजाचे, बाकी सगळा माल चाच्यांचा. पोलोला हे अधम वाटलं. पण ही बाब घोड्यांपाशीच का येऊन थांबते, ते बघण्यासारखं आहे. दख्खनच्या हवेत उत्तम घोडा पैदा होत नसे. तो अरबस्तान आणि इराणातून जहाजानं यायचा, आणि घोड्यावाचून राज्य टिकत नव्हतं. म्हणजे ठाण्याचा राजा चाच्यांकडून जे मागत होता ते सोनं नव्हे, लष्कर होतं. समुद्रावरची लूट आणि जमिनीवरची सत्ता यांची गाठ इतक्या जुन्या काळी आपल्याच बंदरात मारली गेली होती. आणखी मागे जायचं असेल तर बोरिवलीला एक्सरच्या वीरगळांपुढे उभं राहावं. दगडात वल्ही मारणाऱ्या नावांच्या रांगा कोरल्या आहेत, समुद्रातली लढाई कोरली आहे. आपल्या पूर्वजांनी आरमारी युद्ध दगडावर लिहून ठेवलं, ते इथे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. वसई, साष्टी बेट आणि त्यावरचं ठाणं त्यांच्या हातात गेलं. त्यांनी एक नवी रीत घालून दिली. अरबी समुद्रातून जाणाऱ्या प्रत्येक गलबतानं त्यांच्याकडून पैसे भरून परवाना घ्यायचा. त्याला ते कार्ताझ म्हणत. परवाना नसेल तर माल जप्त आणि प्रसंगी जहाजही बुडवायचं. हजारो वर्षं हा समुद्र कोणाच्या सातबाऱ्यावर नव्हता. पोर्तुगिजांनी तो स्वतःच्या नावावर चढवला. युरोपात कोणी त्यांना याबद्दल चाचे म्हटलं नाही. पुढे काय झालं ते समजून घ्यायचं तर ही कार्ताझची गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि स्वराज्याला पहिल्यांदा खाडी मिळाली. दुर्गाडीच्या पायथ्याशी आरमाराचं काम सुरू झालं. १६५९ च्या सुमारास रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह महाराजांच्या युद्धनौका बांधत होता. या युद्धनौका आपल्या बाजूच्या नाहीत हे कळताच वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं त्या कारागिरांना फितवून परत बोलावलं. काम थांबलं नाही. सुतार इथले होते, लाकूड इथल्या रानातलं होतं आणि नावेवर चढणारा माणूस कोळी, भंडारी, गाबीत, याच किनाऱ्याचा होता. १६७९ साली महाराजांनी मुंबईच्या तोंडासमोर खांदेरी बेटावर तटबंदी घालायला घेतली. इंग्रजांनी तोफा डागल्या. मायनाक भंडारी आणि दौलतखानाच्या छोट्या नावा रात्रीच्या अंधारात सामान पोचवत राहिल्या. खांदेरी उभी राहिली.

आता खऱ्या चाच्यांकडे वळतो, कारण तेही याच पाण्यात आले होते. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज दरोडेखोरानं आपल्या 'फॅन्सी' जहाजावरून सुरतेकडे परतणारं 'गंज-इ-सवाई' हे मुघलांचं प्रचंड जहाज गाठलं. त्यावर मक्केहून परतणारे यात्रेकरू होते, बायका होत्या. मुघल इतिहासकार खाफीखानानं लिहून ठेवलं आहे की जहाजावर ऐंशी तोफा होत्या, तरी ते पडलं. लूट किती झाली याच्या कथा युरोपभर गेल्या. जहाजावरच्या बायकांवर काय गुजरलं ते त्या कथांत फारसं येत नाही. औरंगजेबानं सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना बेड्या घातल्या. एव्हरी मात्र कायमचा नाहीसा झाला. त्याच्या साथीदारांपैकी काहींना लंडनला फाशी दिलं. २०१६ च्या 'अनचार्टेड ४' या गाजलेल्या खेळाची सगळी कथा याच एव्हरीच्या खजिन्याभोवती फिरते. जगभरच्या मुलांनी तो खजिना पडद्यावर शोधला. तो सुरतेच्या वाटेवर लुटलेला होता हे किती जणांच्या लक्षात राहिलं असेल?

एव्हरीकडे बंदर नव्हतं, न्याय नव्हता, रयत नव्हती. ज्याला कोणाला उत्तर द्यायचं नाही, जो आज लुटतो आणि उद्या नाव बदलतो, त्याला चाचा म्हणतात. हा निकष मनात ठेवून कान्होजी आंग्र्यांकडे बघा.

तुकोजी आंग्र्यांचा हा मुलगा सुवर्णदुर्गाच्या पाण्यात वाढला. संभाजी महाराजांच्या वधानंतर मुघलांनी कोकण पोखरायला घेतलं, किल्ल्यांमागून किल्ले पडू लागले, तेव्हा समुद्राकडची बाजू या माणसानं सांभाळली. सतराव्या शतकाच्या शेवटी छत्रपतींनी त्यांना सरखेल केलं. सरखेल म्हणजे आरमाराचा प्रमुख. तो किताब गादीनं दिलेला. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशी त्यांच्या ठाण्यांची माळ किनाऱ्यानं खाली उतरत गेली. अलिबाग त्यांनी वसवलं, अलिबागी रुपया पाडला. १७१३ साली शाहू महाराजांचा पेशवा बहिरोपंत पिंगळे त्यांच्यावर चालून गेला आणि त्यांच्याच कैदेत पडला. मग बाळाजी विश्वनाथ पेशवा होऊन त्यांच्याशी बोलणी करायला आले. दोघांची जुनी ओळख. लढाई न होता तह झाला. कान्होजी शाहूंच्या बाजूला आले, सरखेलपद आणि किल्ले त्यांच्याकडे राहिले. पुढच्या शंभर वर्षांच्या पेशवाईचा पाया ज्या तहांनी घातला, त्यांत हा तह फार वरचा आहे असं माझं मत आहे.

आणि दस्तक. कान्होजींनी जाहीर केलं की या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबतानं सरखेलाचं दस्तक घ्यावं. दस्तक म्हणजे पैसे भरून घेतलेला शिक्क्याचा कागद. तो जवळ असेल तर आंग्र्यांची आरमारी नाव तुम्हाला अडवणार नाही, उलट राखेल. पोर्तुगिजांच्या कार्ताझची ही सरळ मराठी आवृत्ती होती. इंग्रजांनी म्हटलं, कंपनीच्या जहाजांना दस्तक लागणार नाही. कान्होजींचं म्हणणं होतं, तुमच्या जहाजांचं एक वेळ ठीक, पण तुम्ही मुंबईच्या देशी सावकारांचा माल आपल्या निशाणाखाली घालून फुकट नेता, ते चालणार नाही. भांडण एवढंच होतं. जकातीचं भांडण. जकात नाक्यावर ट्रक थांबण्याची रांग ज्यांनी बघितली आहे, त्यांना ते समजायला अवघड जाऊ नये.

नोव्हेंबर १७१२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एस्लाबी यांची खासगी नाव आंग्र्यांच्या आरमारानं धरली. तिच्यावर कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाउन होता. तो लढाईत मारला गेला आणि त्याची तरुण बायको कॅथरीन कैद झाली. तीस हजार रुपये खंडणी भरून इंग्रजांनी तिला सोडवलं. कान्होजींच्या पदरी हीही गोष्ट घातली पाहिजे. बाई माणसाला पैशांसाठी महिनोन्महिने अडकवून ठेवणं त्या काळात सगळ्याच सत्ता करत होत्या, पण म्हणून ते चांगलं ठरत नाही.

डिसेंबर १७१५ मध्ये चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला आणि जानेवारी १७२२ मध्ये परत गेला. 'ब्लॅक फ्लॅग'चा जो काळ, तोच बूनचा काळ. आला तेव्हा मुंबईला धड कोट नव्हता, धड आरमार नव्हतं. त्यानं शहराभोवती भिंत घातली, लढाऊ जहाजं बांधायला घेतली आणि आंग्र्यांना उखडायचं ठरवलं.

पहिला मोठा घाव खांदेरीवर, नोव्हेंबर १७१८. बून स्वतः आरमारासोबत गेला. मुंबईहून दिसणारं एवढंसं बेट. दोन दिवसांत पडेल असा हिशोब. तोफा चालल्या, शिपाई उतरले, मार खाऊन परत चढले. रात्री आंग्र्यांची गलबतं वेढ्यातून आत जाऊन माणसं आणि दारूगोळा पोचवतच होती. चाळीस वर्षांपूर्वी मायनाक भंडाऱ्यानं हेच केलं होतं, याच पाण्यात.

अपयश आलं की फितूर शोधला जातो. मुंबईत रामा कामती नावाचे मोठे गृहस्थ होते. कंपनीसाठी देशी शिपाई उभे करणारे, १७१५ साली वाळकेश्वराचं देऊळ पुन्हा बांधून देणारे. १७१८ च्या नाताळात इंग्रजांचं सेंट टॉमस चर्च उघडलं, तेव्हा तेही आपल्या लोकांसह तो सोहळा बघायला हजर होते. १७२० साली त्यांच्यावर खटला झाला: तुम्ही कान्होजी आंग्र्यांना आतून सामील आहात. पुरावा काय, तर एक पत्र. त्यांच्या कारकुनाचे अंगठे लोखंडी चापात पिळले, तेव्हा त्यानं हवा तो जबाब दिला. मालमत्ता जप्त झाली. रामा कामती १७२८ साली कैदेतच वारले. पुढे ते पत्र बनावट असल्याचं उघड झालं. चाचेगिरीच्या या सगळ्या कागदांत अन्याय कुठे दिसत असेल तर तो मला इथे दिसतो, आणि तो मुंबईच्या कोर्टात, कायद्याच्या नावानं झाला.

१७२० मध्ये इंग्रज विजयदुर्गावर गेले. या खेपेस त्यांनी उथळ पाण्यातही चालेल असा सपाट बुडाचा तरता तोफखाना बांधून नेला होता, 'फ्रॅम' नावाचा. विजयदुर्गाच्या तटाला त्याचा काही उपयोग झाला नाही. इंग्रज या किल्ल्याला घेरिया म्हणत आणि त्यांच्या दर्यावर्द्यांत या नावाची धास्ती बसली.

धास्ती बसायला कारण होतं. आंग्र्यांची गुराब ही दोन-तीन डोलकाठ्यांची नाव. तिच्या पुढच्या टोकदार नाळेवर सरळ समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबतं लहान, शीड असो वा नसो, चाळीस-पन्नास वल्ह्यांवर पळणारी. युरोपी जहाजाच्या तोफा त्याच्या दोन्ही कुशींना असत. म्हणून आंग्र्यांचे तांडेल कुशीसमोर कधी जात नसत. वारा पडायची वाट बघायची. वारा पडला की मोठं जहाज शिडं लोंबकळवत जागच्या जागी उभं. मग गुराबांना गलबतांनी ओढून त्याच्या पिछाडीला न्यायचं, डोलकाठ्या आणि दोरखंड फोडायचे आणि मग गलबतांतली माणसं तलवारी घेऊन वर. अंगावर आलंच, तर खाडीत शिरायचं. मोठं जहाज खडकावर बसेल तिथून गुराब निघून जाते. कोकणाच्या प्रत्येक खाडीची भरती-ओहोटी ज्याच्या हाडात आहे त्याचीच ही लढाई. 'ब्लॅक फ्लॅग'मध्ये मुलं जहाज वळवून कुशीच्या तोफा डागतात आणि जिंकतात. आमच्या पाण्यात ती युक्ती हरली असती.

आता १७२१. या वर्षी दोन घटना झाल्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवायला हव्यात. एप्रिलमध्ये हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटापाशी टेलर आणि ला ब्यूझ या दोन युरोपी चाच्यांनी गोव्याहून परत निघालेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचं जहाज लुटलं. इतिहासातल्या सर्वांत मोठ्या समुद्री लुटींत तिची गणना होते. या चाच्यांचा अड्डा मादागास्करला होता आणि त्यांना मोडून काढण्यासाठी इंग्लंडच्या राजानं कमोडोर टॉमस मॅथ्यूजला चार लढाऊ जहाजं देऊन पाठवलं होतं. मॅथ्यूज मादागास्करची कामगिरी बाजूला ठेवून आधी मुंबईला आला आणि डिसेंबरात पोर्तुगिजांना सोबत घेऊन कान्होजींच्या कुलाब्यावर गेला. राजाचं आरमार, कंपनीचं आरमार, पोर्तुगीज सैन्य, सगळे मिळून एका किल्ल्यावर, ज्याच्या पायाशी ओहोटीला चालत जाता येतं.

पण कुलाबा एकटा नव्हता. साताऱ्याहून कुमक निघाली. पिलाजी जाधवांचे घोडेस्वार आले, पाठोपाठ खुद्द बाजीराव पेशवे. मराठा घोडदळ पोर्तुगिजांच्या बाजूवर तुटून पडलं आणि तिथली फळी मोडली, मग इंग्रजांचीही. एका स्वारानं मॅथ्यूजच्या मांडीत भाला खुपसला. संतापलेला कमोडोर त्याच्यामागे घोडा घालून धावला आणि पिस्तूल झाडायला गेला, तर दोन्ही पिस्तुलं न भरलेली. हा प्रसंग त्याच मोहिमेत असलेल्या क्लेमंट डाउनिंगनं लिहून ठेवला आहे. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला. इंग्रज एकटे पडले आणि परत फिरले. बून त्याच महिन्यात मायदेशी निघाला.

आणि मॅथ्यूज? तो मग मादागास्करला गेला. तिथल्या चाच्यांना मोडण्याऐवजी त्यानं व्यापार केला आणि इंग्लंडला परतल्यावर त्याबद्दल त्याच्यावर लष्करी खटला झाला. ज्यांना चाचे म्हणून मारायला पाठवलं त्यांच्याशी देवघेव आणि ज्याच्याकडे छत्रपतींचा किताब होता त्याच्यावर तोफा, हा १७२२ चा हिशोब आहे. डाउनिंगचं पुस्तक १७३७ साली लंडनला छापलं गेलं. त्याच्या शीर्षकातच कान्होजींच्या घराण्याचं नाव 'अँग्रिया द पायरेट' असं आलं. शब्द तिथून चिकटला तो आजतागायत.

कान्होजींना हा शब्द माहीत होता. बूननंतर आलेल्या गव्हर्नर फिप्सनं त्यांना लुटारू ठरवणारं पत्र धाडलं, तेव्हा १७२४ मध्ये त्यांनी उत्तर पाठवलं. त्यातला मथितार्थ असा की दुसऱ्याचं ते आपलं करावं ही हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, जगाची रीतच ती आहे. आरडाओरडा नाही, विनवणी नाही. बरोबरीच्या माणसाचं पत्र. त्याच साली डचांनी विजयदुर्गावर हल्ला केला आणि तेही परतले. १७२९ साली कान्होजी वारले तेव्हा त्यांचा एकही मोठा जलदुर्ग कोणाला घेता आलेला नव्हता. अलिबागला त्यांची समाधी आहे.

पुढची गोष्ट लिहिताना हात जड होतो, पण ती आपल्या अंगणातली आहे, म्हणून टाळता येत नाही.

कान्होजींच्या मुलांत भाऊबंदकी लागली. १७३५ मध्ये बाजीरावांनी दौलत दोन भावांत विभागून दिली, उत्तरेला मानाजी, दक्षिणेला संभाजी. वाटणीनं भांडण मिटलं नाही. आरमाराची ताकद मात्र अर्धी झाली. दरम्यान १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. संभाजीनंतर विजयदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडे आला. तुळाजी शूर होते, त्यांनी १७४९ मध्ये इंग्रजांचं 'रिस्टोरेशन' हे मोठं जहाज धरलं. पण ते कोणालाच जुमानत नसत. पेशव्यांचा हुकूम मानायचा नाही, शेजारच्या मराठी सरदारांच्या मुलखातही हात घालायचा. नानासाहेब पेशव्यांची चीड निराधार नव्हती. प्रश्न होता तिच्यावर उपाय काय करायचा.

कोकणचे सरसुभेदार होते रामाजी महादेव बिवलकर. मार्च १७५५ मध्ये त्यांनी पेशव्यांच्या वतीनं मुंबईकर इंग्रजांशी तह केला: दोघांनी मिळून तुळाजीला बुडवायचं, समुद्रावरचं काम इंग्रजांचं, जमिनीवरचं आपलं. पुढच्याच महिन्यात विल्यम जेम्सनं 'प्रोटेक्टर' जहाजावरून सुवर्णदुर्गावर मारा करून तो पाडला. लंडनमध्ये शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर आजही एक तिकोनी मनोरा उभा आहे, जेम्सच्या विधवेनं १७८४ साली नवऱ्याच्या आठवणीसाठी बांधलेला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपलं सुवर्णदुर्ग. हर्णैच्या त्या किल्ल्याचं नाव लंडनचे लोक रविवारी फिरायला जाताना घेतात.

फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल चार्ल्स वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. निघण्याआधीच लुटीची वाटणी कशी करायची यावर त्यांचा खल झाला होता. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेले आणि तिथेच अडकले. १२ फेब्रुवारीला एक पेटता गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला. आंग्र्यांच्या नावा एकमेकींना बांधून उभ्या होत्या. आग एकीवरून दुसरीवर गेली. गुराबा, गलबतं, बांधणीवरची नवी जहाजं, सगळं त्या संध्याकाळी जळून गेलं. कान्होजींनी तीस वर्षांत उभं केलेलं आणि मुलांनी भांडत भांडत का होईना टिकवलेलं आरमार काही घटकांत संपलं. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांनी घेतला, सुमारे दहा लाखांची लूट आपापसात वाटली आणि तहाप्रमाणे तो पेशव्यांना द्यायचा सोडून महिनोन्महिने धरून ठेवला. बाणकोट पदरात पडल्यावरच सोडला. तुळाजींचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं. क्लाइव्ह पुढच्या वर्षी प्लासीला होता.

रामाजी महादेवांनी १७६० च्या सुमारास ठाण्यात मासुंदा तलावाकाठी कौपिनेश्वराचं देऊळ बांधलं. तेच ते, ज्याच्या अंगणातून आपली पाडव्याची स्वागतयात्रा निघते. मी लहानपणापासून त्या देवळात जातो. बांधणाऱ्याची भक्ती खरी होती यात मला शंका नाही, आणि तो हुशार, राज्याचा इमानी कारभारी होता यातही नाही. तरीही १७५५ चा तो कागद ही मराठी राज्याच्या कारभारातली सर्वांत महाग चूक होती असं मी मानतो. घरातला बेलगाम भाऊ आवरायला शेजारच्या सावकाराला आत घेतलं आणि भावाबरोबर दरवाजाही गेला.

पेशव्यांचं आरमार त्यानंतरही होतं. विजयदुर्गाला धुळप आले. आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचं 'रेंजर' धरून दाखवलं. पण मुंबई बंदराला कोंडून धरेल अशी ताकद पुन्हा उभी राहिली नाही.

नौपाड्यातल्या त्या मुलाला मी एवढंच सांगेन. 'ब्लॅक फ्लॅग' बनवणाऱ्या कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. शीड, वल्हं आणि भरती-ओहोटी जाणणारे कोळी अजून खाडीकाठी आहेत. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग ही तिन्ही नावं जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात नोंदली गेली आहेत. तू मोठा होऊन असा खेळ बनवायला बसलास तर दस्तकाचा कागद त्यात घाल, वारा पडण्याची वाट बघायला लाव, आणि रामा कामतीला विसरू नकोस.

आणि सुट्टीच्या एखाद्या सकाळी नौपाड्याहून चालत ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहापर्यंत ये. तो तुरुंग म्हणजे पोर्तुगिजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला आणि मराठ्यांनी जिंकलेला ठाण्याचा किल्ला. विजयदुर्गाला आग लागल्यावर एकोणीस वर्षंही पुरी झाली नव्हती, तेव्हा इंग्रजी जहाजं खाडीतून या तटापर्यंत आली. त्यांचा आरमारी प्रमुख, कमोडोर वॉटसन (विजयदुर्गावर आलेला नव्हे, दुसरा), इथेच जखमी होऊन मेला, पण २८ डिसेंबर १७७४ रोजी किल्ला पडला. आतले बहुतेक मराठी शिपाई कापले गेले. १७८२ च्या सालबाईच्या तहानं ठाणं आणि साष्टी कायमची इंग्रजांची झाली.